एका डीपीवरची माणसं

गावाकडे भाऊबंद दोन प्रकारचे असतात. एक सातबाऱ्यावरचे आणि दुसरे डीपीवरचे. सातबाऱ्यावरच्यांचं भांडण तालुक्याला कोर्टात जातं, तारखा पडतात, वर्षं निघून जातात. डीपीवरच्यांचं भांडण तिथल्या तिथे बांधावर होतं, आणि तेही नेमकं उन्हाळ्यात, ऊस पाण्याला आलेला असताना.

शहरातल्या मंडळींसाठी खुलासा. डीपी म्हणजे मोबाइलवरचा फोटो नव्हे. दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर, त्याखालची फ्यूजांची पेटी आणि तिथून दहा-वीस विहिरींकडे गेलेल्या तारा, या सगळ्याला मिळून आमच्याकडे डीपी म्हणतात. आमचं गाव सोमेश्वरनगरच्या पट्ट्यातलं. एका अंगाला नीरा नदी, मधून नीरा डावा कालवा आणि लांबूनही दिसणारी साखर कारखान्याची चिमणी. करंजेपूल, वाणेवाडी, मुरूम, निंबूत, होळ ही आजूबाजूची गावं. सगळीकडे ऊस, आणि जिथे ऊस तिथे मोटर.

मी पुण्यात राहतो आणि मला विजेतलं थोडंफार कळतं असा घरच्यांचा समज आहे. त्यामुळे गावाकडून फोन येत असतात. "लाइट आली आणि फ्रिज गेला, आता?" "इन्व्हर्टर दहा मिनिटंच चालतोय, असं का?" "स्टार्टर धरत नाही." मागच्या महिन्यात मावशी म्हणाली, एकदा सगळं लिहूनच टाक ना, म्हणजे सारखं विचारायला नको. म्हणून यादी करायला बसलो. पण यादीतली एकेक गोष्ट लिहिताना असं लक्षात आलं, की यातली प्रत्येक सवय कधीतरी, कुठल्यातरी टंचाईत लागलेली आहे. आजी लाइट गेल्यावर सगळी बटणं बंद करून एकच दिवा चालू ठेवायची, त्याला इतिहास आहे. आबा (माझे थोरले चुलते) रात्री दोनला विजेरी घेऊन निघतात, त्यालाही आहे. म्हणून आधी इतिहास सांगतो, मग यादी. ज्यांना घाई आहे त्यांनी शेवटाकडे उडी मारायला हरकत नाही. मावशी, तू मात्र सगळं वाच.

आधी पाणी आलं, मग वीज

आमच्याकडे टंचाईची पहिली शिकवण विजेने दिली नाही, पाण्याने दिली. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरेच्या खोऱ्यात कालव्याचं काम झालं आणि १८८५ मध्ये डावा कालवा सुरू झाला. आज वाटेल की पाणी आल्यावर लोकांनी उड्या मारल्या असतील. तसं झालं नाही. पाऊस बरा झाला की कालव्याचं पाणी घ्यायला फारसं कुणी पुढे यायचं नाही, कारण पाणीपट्टी कोण भरणार? आणि पाऊस ओढला की सगळे एकदम दारात. म्हणजे एक वर्ष कालवा रिकामा वाहतोय आणि दुसऱ्या वर्षी टोकाच्या गावापर्यंत थेंब पोचत नाही.

हळूहळू ऊस वाढला. सासवडकडची माळी मंडळी कालव्याच्या काठाने येऊन खंडाने जमिनी करू लागली, गुळाची गुऱ्हाळं लागली. आणि मग दुसरा प्रकार सुरू झाला. पुढची पाळी कधी मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून हातात आलेली पाळी माणूस सोडेना. रान तुडुंब भरायचं. प्रत्येकाच्या दृष्टीने हे शहाणपणच होतं. पण खाली पाण्याची पातळी वर येत गेली, मीठ वर फुटलं आणि काळ्याभोर जमिनी पांढऱ्या पडल्या. आपण ज्याला चोपण म्हणतो ते हेच. हा प्रकार इतका वाढला, की पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी खास नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये तो प्रसिद्ध केला. विशेष म्हणजे ज्याने पाणी जास्त दिलं त्याचीच जमीन बिघडली असंही नाही. वरच्याने पाजलं की खालच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या रानात मीठ फुटायचं.

यावरचा उपायही याच कालव्यावर आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई सरकारच्या नोकरीत पुण्याकडे होते. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले, पण आपला त्यांच्याशी संबंध त्याआधीचा. त्यांनी मांडलेली ब्लॉक पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावर आली. कल्पना साधी होती. पाणी सुट्या शेतकऱ्याला मागेल तसं न देता ठरावीक गटाला, म्हणजे ब्लॉकला, काही वर्षांच्या भरवशावर द्यायचं. त्या ब्लॉकात साधारण तिसरा हिस्सा ऊस आणि बाकीची हंगामी पिकं, तीही फिरती. पाणी किती आणि कधी मिळणार हे आधी माहीत असलं, की माणूस हावऱ्यासारखा भरत नाही, हा त्यातला मुद्दा. ब्लॉकने सगळं सुटलं असं मुळीच नाही. ऊस वाढतच गेला आणि चोपण रानं आजही आहेत. पण 'पाळी', 'पाटकरी', 'शेजपाळी' हे शब्द आपल्या तोंडात बसले ते पाणी वाटून घेण्याच्या या सवयीतून. शेजपाळीत टोकाच्या शेतापासून वर ओळीने पाणी येतं आणि आपला नंबर कधी ते प्रत्येकाला ठाऊक असतं.

विजेची शेजपाळी मात्र कुणी बसवली नाही.

कारखान्याचा उजेड

राज्य झाल्यावर दोन महिन्यांच्या आतच, २० जून १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली. आमचा सोमेश्वर सहकारी साखर कारखानाही त्याच दशकात उभा राहिला. त्यामुळे आमच्या भागात वीज दोन रस्त्यांनी आली: एक मंडळाच्या तारेवरून आणि दुसरी कारखान्याच्या आतून. उसाचा रस काढून उरलेला भुस्सा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळायचा, त्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि उरलेली वाफ रस आटवायला वापरायची. गळीत हंगाम चालू असला की कारखाना स्वतःच्या विजेवर चालायचा. लहानपणी आम्ही वस्तीवर कंदिलाची काच पुसत बसलेले असायचो आणि तिकडे कारखान्याच्या आवारात आभाळ उजळलेलं असायचं. उजेड म्हणजे दिवाळीनंतर येणारी आणि उन्हाळ्यात जाणारी गोष्ट, असा माझा बरीच वर्षं समज होता. भोंगा झाला की घड्याळ लावायचं आणि उजेड दिसला की हंगाम ओळखायचा.

मंडळाच्या विजेचा भरवसा वेगळ्या कारणांनी डळमळायचा. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, वीजनिर्मिती थांबली आणि थेट मुंबईपर्यंत अंधार झाला. जुनी माणसं अजून सांगतात की भांडी पडल्याच्या आवाजाने जाग आली. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ. विहिरी खोल गेल्या, मोटा सुटल्या आणि मोटरी आल्या. त्याच दशकात राज्यात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. पाच एचपीला वर्षाचे ठरावीक पैसे. मोटर तास चालवा की दहा तास, बिल तेवढंच. आता कालव्याची गोष्ट आठवा. पुढची पाळी कधी ते माहीत नाही आणि जास्त घेतलं तरी पैसे वाढत नाहीत. मग माणूस काय करेल? आजोबांनी जे पाण्याचं केलं तेच नातवाने विजेचं केलं. लाइट आली की मोटर चालू, जाईपर्यंत चालू.

नव्वदच्या दशकात मागणी वाढत गेली. दाभोळचा गाजलेला प्रकल्प १९९९ मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये बंदही पडला. २००४ च्या निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि निवडणूक झाल्यावर २००५ मध्ये ती मागे घेतली गेली. ६ जून २००५ ला मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि तारा, मीटर, बिलं महावितरणकडे आली. आणि याच सुमारास भारनियमन हा शब्द आमच्या शाळेतल्या पोरांनासुद्धा शुद्ध लिहिता येऊ लागला.

उपायांवर उपाय

त्या वर्षांत प्रत्येक अडचणीवर गावाने उपाय काढला आणि प्रत्येक उपायातून नवी अडचण निघाली. क्रमाने सांगतो.

पहिली अडचण: संध्याकाळी घरात दिवा हवा, पण तेव्हाच मोटरी चालल्या तर लाइन झेपत नाही. म्हणून ठरावीक वेळी एकच फेज द्यायची, म्हणजे घरातला बल्ब लागेल आणि तीन फेजची मोटर चालणार नाही. याला सिंगल फेजिंग म्हणायचे. आपली माणसं हुशार. त्यांनी कंडेन्सर लावून एका फेजवर तीन फेजची मोटर फिरवली. मोटर फिरली, पण सगळा भार एकाच फेजवर. घरातले बल्ब लालभडक, मोटरची कॉइल गरम, आणि डीपीचा बळी.

दुसरी अडचण: शेतीची वीज पाळीने. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री दोनला लाइट येणार म्हणून थंडीत विहिरीवर जायचं, मोटर चालू करायची आणि दारं धरत बसायचं. साप, विंचू, अंधारात उघड्या वायरी, आणि हल्ली उसात बिबट्या. यावरचा उपाय म्हणजे ऑटो. स्टार्टरला एक छोटी पेटी जोडायची, तीन फेज आले की मोटर आपोआप चालू. ऑटोने लोकांची झोप वाचवली आणि काहींचे जीवही वाचवले असतील. त्यामुळे ऑटो लावणाऱ्याला मी दोष देणार नाही. मीही लावला असता.

पण एका डीपीवर सगळ्यांनी ऑटो लावला की काय होतं, त्याचा हिशेब बघा. पाच एचपीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते. म्हणजे सव्वापाच-साडेपाच केव्हीए. १०० केव्हीएच्या डीपीवर अशा पंधरा मोटरी असल्या तर चालताना ८० केव्हीए होतात. डीपीला झेपतं. पण थांबलेली मोटर सुरू होताना पहिले काही सेकंद पाच ते सात पट करंट ओढते. लाइट आली, पंधरा ऑटोंनी एकाच क्षणी 'हो' म्हटलं, की ८० चे झाले पावणेपाचशे. व्होल्टेज कोसळतं. व्होल्टेज कमी म्हणून मोटरी वेग घेत नाहीत, आणि वेग घेत नाहीत म्हणून जास्त करंट ओढतच राहतात. मग आधी फ्यूज जातो. फ्यूज नको म्हणून कुणीतरी जाड तार टाकतो. आता फ्यूज जात नाही, डीपी जाते.

गेल्या उन्हाळ्यात आमची डीपी अशीच गेली. अकरा दिवस मोटरी बंद. कालव्याचं आवर्तन लांब होतं, आडसाली उसाची पानं गुंडाळायला लागली. ट्रॅक्टर कुणाचा, वर्गणी कुणी किती द्यायची, जाड तार कुणी टाकली, यावरून माझ्या दोन चुलतभावांत जे बोलणं झालं, त्यानंतर ते अजून एकमेकांच्या ओट्यावर चढलेले नाहीत. दोघंही हे वाचतील याची मला कल्पना आहे. दोघांचाही ऑटो होता, आणि दोघांचंही कारण खरं होतं. एकाच्या घरात रात्री विहिरीवर जाईल असं माणूस नाही. दुसऱ्याची विहीर वस्तीपासून पाऊण कोसावर. चोपण पडलेल्या रानाची गोष्ट मी वर सांगितली ती यासाठी. तिथेही प्रत्येकाचं कारण खरंच होतं.

जे उपाय टिकले

आता दुसरी बाजू. त्याच २००५-०६ च्या सुमारास महावितरणची अक्षय प्रकाश योजना आली होती. गावाने ग्रामसभेत ठरवायचं की संध्याकाळी ५ ते ११ मोटर चालवायची नाही, आकडे टाकायचे नाहीत, शेगडीसारखी जड उपकरणं लावायची नाहीत. त्या बदल्यात त्या वेळात घरातले दिवे, पंखे, टीव्ही चालू राहतील. राज्यातल्या अनेक गावांनी हे करून दाखवलं. यात नवीन यंत्र काहीच नव्हतं. गावाने एकत्र पाळलेली वेळ, एवढंच.

२००६ मध्ये पुण्याने आपल्या पद्धतीने तेच केलं. कारखान्यांनी टंचाईच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवायचे, तेवढी वीज शहराला सोडायची, आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांनी थोडा थोडा उचलायचा. भारनियमनाच्या काळात पुण्यात दिवे राहिले ते यामुळे. (गावाकडून आलेले पाहुणे तेव्हा आमच्याकडे जरा जास्त दिवस राहायचे!) पुढे गावठाणाची आणि शेतीची लाइन वेगळी करण्याचं काम झालं, आणि सिंगल फेजिंगची मारामारी बरीच कमी झाली.

यंत्रातही सगळं वाईट नव्हतं. पुण्याच्या संतोष ओस्तवालांनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करायचं 'नॅनो गणेश' हे उपकरण केलं, आणि २००९ मध्ये त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. आज मोबाइल स्टार्टर आमच्या गावात घरटी दिसतो. त्याचा ऑटोहून मोठा फायदा असा, की लाइट आली की नाही, मोटर चालू आहे की नाही, हे घरबसल्या कळतं. केव्हा चालू करायची ते माणूस ठरवतो.

२०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आली. शेतीच्या लाइनला सौर प्रकल्पातून दिवसा वीज द्यायची हा तिचा हेतू. २०२४ मध्ये ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना आली. दिवसा वीज मिळाली तर आबांची रात्रीची फेरी सुटेल, याहून चांगलं काय? पण बिल नसलं तरी डीपीची ताकद तेवढीच राहते. १०० केव्हीए ते १०० केव्हीएच.

आता यादी

मावशीने मागितलेली यादी ही. जिथे जमलं तिथे कारणही दिलं आहे. कारण कळलं की सवय लक्षात राहते.

घरासाठी. लाइट गेली की फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर, गिझर यांची बटणं बंद करा आणि एक दिवा चालू ठेवा. आजी हेच करायची. वीज परत येते तेव्हा सगळ्या गावाचा भार एकदम पडतो आणि पहिली काही मिनिटं व्होल्टेज वर-खाली होतं. दिवा स्थिर दिसू लागला की पाच मिनिटं थांबून एकेक वस्तू चालू करा. फ्रिजला तर ही पाच मिनिटं हवीच, नाहीतर आतल्या कॉम्प्रेसरवर दाब असतानाच तो सुरू व्हायला बघतो. थांबायला लावणारा स्टॅबिलायझर मिळतो, तो घ्या.

घरातले दिवे अचानक पांढरेफटक झाले आणि शेजारच्यांचे मिणमिणते झाले, तर बहुतेक कुठेतरी न्यूट्रल तुटला आहे. तेव्हा विचार करत बसू नका, मेन स्विच बंद करा आणि वायरमनला फोन करा. टीव्ही जळतात ते याच वेळी.

इन्व्हर्टर दहा मिनिटांत बसत असेल तर आधी बॅटरीतलं पाणी बघा. नळाचं पाणी घालू नका, बॅटरीचं शुद्ध पाणी दुकानात मिळतं. आणि इस्त्री, मिक्सर, फ्रिज इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवू नका. जनरेटर लावत असाल तर चेंजओव्हर स्विच पाहिजेच. तो नसला तर तुमची वीज उलटी तारेत जाते, आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला माणूस मरतो. इथे काटकसर नको. घराला अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच, म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, हे टीव्हीच्या आधी घ्यायचे.

कामासाठी. २०२० नंतर आमच्या गावातली बरीच मुलं घरून काम करतात. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण वायफायची पेटी बंद पडते आणि मीटिंगमधून माणूस गायब होतो. या पेटीसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो इन्व्हर्टरच्या मानाने बराच स्वस्त. टॉवरची बॅटरी असेपर्यंतच मोबाइलला रेंज, त्यामुळे लागणाऱ्या फाइल्स आधीच उतरवून ठेवा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसचं काम फक्त फाइल सेव्ह करून बंद करण्याइतकंच आहे. त्यावर सिनेमा बघायचा नाही.

रानासाठी. स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद होईल आणि कॉइल वाचेल. मोटरच्या मापाचा कपॅसिटर लावा. त्याने मोटर तेवढ्याच कामाला कमी करंट ओढते आणि डीपीवरचा भार उतरतो. (एका फेजवर मोटर फिरवायला लावतात तो कंडेन्सर हा नव्हे.) फ्यूजमध्ये मापाचीच तार. डीपीवर स्वतः चढायचं नाही, लाइन बंद आहे अशी कितीही खात्री असली तरी. रात्री जावंच लागलं तर दोघांनी जायचं, पायात बूट, हातात काठी आणि विजेरी. साप चावला तर थेट दवाखाना.

आणि शेवटचं, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. ऑटो काढू नका. ऑटोला टायमर असतो. लाइट आल्यावर किती सेकंदांनी मोटर सुरू करायची ते त्यावर लावता येतं. जुन्या पेटीला नसला तर नवी घेताना बघून घ्या. डीपीवरच्या पंधरा जणांनी वीस-वीस सेकंदांचं अंतर ठेवलं, तर चौदा मोटरी चालू असताना पंधरावी सुरू होण्याचा भार शंभराच्या थोडा वर जातो, तोही काही सेकंद. पावणेपाचशेच्या जागी शंभर. आणि सगळ्यात शेवटच्या माणसाला थांबावं किती लागतं? चार मिनिटं चाळीस सेकंद. आठ तासांच्या पाळीतली पाच मिनिटंसुद्धा नाहीत. डीपी गेली तेव्हा आपण अकरा दिवस थांबलो होतो.

डीपीवर मुळातच मोटरी जास्त असतील तर हा उपाय पुरायचा नाही. मग सगळ्यांनी मिळून मोठी डीपी मागावी लागेल. पण तो अर्ज करायलाही सगळ्यांच्या सह्या लागतात, म्हणजे बसावं लागणारच आहे.

शेवटी कोण, यावरून वाद होईल म्हणून तेही सुचवतो. शेजपाळीसारखं करू. डीपीपासून जी विहीर सगळ्यात लांब तिचा नंबर पहिला, कारण तिथे व्होल्टेज आधीच कमी पोचतं. मग ओळीने जवळ जवळ येत यायचं. आमच्या डीपीवर पहिली विहीर पाऊण कोसावरची आणि शेवटची आमची स्वतःची, कारण ती डीपीच्या खालीच आहे. ते चाळीस सेकंद आणि चार मिनिटं आमच्या वाट्याला आली तरी आबांची हरकत नाही, मी विचारून घेतलं आहे.

पाडव्याला गावाला येतोय. येताना पंधरा नावांचा कागद घेऊन येतो. नंबर टाकलेले आहेत, सह्यांची जागा मोकळी आहे. चहा आबांच्या ओट्यावर. दोघांनीही यायचं आहे.